प्रसूती विभागात विश्वास आणि समन्याय: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

प्रसूती विभागात ‘बायकांचा विश्वास वाढवायचा’ असं ठरलं की बहुतेक ठिकाणी आधी भित्तिपत्रक लागतं, मग एक दिवसाचं प्रशिक्षण होतं आणि शेवटी दाराशी तक्रारपेटी टांगली जाते. सहा महिन्यांनी पेटी रिकामीच असते आणि त्याचा अर्थ ‘कुणाची तक्रार नाही’ असा लावला जातो. यात हेतू खोटा नसतो. क्रम उलटा झालेला असतो. ऐकून घेण्याआधी सांगायला सुरुवात होते, आणि उत्तर देण्याची सोय नसताना प्रश्न विचारले जातात.

हा लेख विभागप्रमुख, प्रभारी सिस्टर, सुईणी, प्रसूतितज्ज्ञ आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या मातांच्या प्रतिनिधींसाठी आहे. समन्याय म्हणजे इथे, कुठल्याही गटातल्या बाईला कमी दर्जाची सेवा न मिळणं.

एक गोष्ट आधीच पक्की करायला हवी. अविश्वास हा त्या बाईचा दोष नव्हे. मागच्या बाळंतपणात जिला कळा देताना ओरडा बसला, न विचारता छेद (बाळ बाहेर येण्यासाठी योनीमार्गाच्या तोंडाशी दिलेला काप) दिला गेला किंवा ‘नाटकं करू नकोस’ असं ऐकावं लागलं, ती पुढच्या वेळी उशिरा येते किंवा येतच नाही. तिने अनुभवावरून काढलेला तो निष्कर्ष असतो. त्यामुळे तिचं ‘समुपदेशन’ करून हा प्रश्न सुटत नाही. बदल विभागात व्हायला हवा.

## पूर्वतयारी: हे हाताशी नसेल तर सुरुवात करू नका

१. निर्णय घेऊ शकणारी व्यक्ती. ड्युटीचं वेळापत्रक, खरेदी आणि जागा यांवर जिची सही चालते अशी एक व्यक्ती गटात हवी. ती नसेल तर गट फक्त अहवाल लिहीत बसतो.

२. मातांच्या प्रतिनिधी, एकीपेक्षा जास्त. अलीकडच्या काळात बाळंतपण झालेल्या, आणि तुमच्याकडे ज्यांना सर्वांत वाईट वागणूक मिळते अशा गटांतल्या. डॉक्टरांच्या बैठकीत एकटी बसलेली आई बोलत नाही, नुसती मान डोलावते. त्यांना वेळेचं मानधन द्या आणि लहान बाळ घेऊन बसता येईल अशी जागा व वेळ ठरवा. बैठकीतले बाकी सगळे पगारी वेळेत आलेले असतात, तेव्हा मातांनी फुकट यावं ही अपेक्षाच विषमतेची आहे.

३. रात्रपाळीचं वास्तव. एका सिस्टरकडे रात्री किती बायका कळा देत असतात, हे कागदावर घ्या. मनुष्यबळ अपुरं असताना ‘प्रेमाने बोला’ असं प्रशिक्षण देणं कर्मचाऱ्यांवर अन्याय करणारं आहे, आणि ते टिकतही नाही. थकलेली, स्वतः अपमान सोसणारी सिस्टर तोच अपमान खाली उतरवते. कर्मचाऱ्यांशी होणारी वागणूक हासुद्धा या कामाचाच भाग आहे.

४. उत्तराची हमी. तक्रार आली तर कोण वाचणार, किती दिवसांत उत्तर देणार आणि तक्रारदाराला पुढच्या उपचारात त्रास होणार नाही हे कोण पाहणार, याची नावं ठरलेली हवीत.

> तपासा: वरच्या चारही मुद्द्यांपुढे एकेका माणसाचं नाव लिहिता येतं का? ‘समिती’, ‘प्रशासन’ ही नावं चालणार नाहीत.

## टप्पा १: सरासरी बाजूला ठेवा, आकडे गटांनुसार पाहा

‘आमच्याकडे सगळ्यांना सारखीच वागणूक मिळते’ हे वाक्य प्रत्येक विभागात ऐकू येतं, आणि बोलणाऱ्याला ते मनापासून खरं वाटत असतं. सरासरीत भेद दिसत नाही म्हणून ते खरं वाटतं.

१. गट ठरवा: भाषा, वंश किंवा समाज, धर्म, उत्पन्न, राहण्याचं अंतर, स्थलांतरित असणं, अपंगत्व, वीस वर्षांखालील वय, जोडीदार नसणं. तुमच्या भागात यातले कोणते भेद खरोखर बोचतात हे मातांच्या प्रतिनिधी सांगतील. सगळेच एकदम मोजायला जाऊ नका.

२. मृत्यू आणि सिझेरियन एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक गटासाठी हे पाहा: दारात आल्यापासून पहिल्या तपासणीपर्यंतचा वेळ, तातडीचं सिझेरियन ठरल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतचा वेळ, वेदनाशामक मागितल्यापासून मिळेपर्यंतचा वेळ, सोबतीला माणूस होतं का, संमतीची नोंद आहे का, सल्ला न मानता घरी गेलेल्या किती, आणि बाळंतपणानंतरच्या तपासणीला न आलेल्या किती.

३. एखाद्या गटात संख्या फारच कमी असेल तर टक्केवारी काढू नका, ते केसपेपर एकेक करून वाचा. अशा वाचनातून टक्केवारीपेक्षा जास्त कळतं.

४. ओळखीची माहिती विचारताना कारण सांगा: “आमच्याकडे कुणाला कमी दर्जाची सेवा मिळते का हे तपासण्यासाठी विचारतोय. उत्तर द्यायलाच हवं असं नाही, आणि उपचारांवर त्याचा परिणाम होणार नाही.”

> इशारा: नोंदणीच्या खिडकीवर, रांगेतल्या दहा जणांसमोर ही माहिती विचारू नका. तसंच, फरक दिसला की ‘त्या समाजातल्या बायका उशिराच येतात’ असं कारण लगेच चिकटवू नका. त्या उशिरा का येतात, हा पुढच्या टप्प्याचा प्रश्न आहे.

## टप्पा २: ऐका, पण योग्य वेळी आणि योग्य माणसाकडून

सर्वांत जास्त चुका इथे होतात. घरी सोडण्याच्या दिवशी, खाटेजवळ उभं राहून, त्याच विभागातली सिस्टर फॉर्म पुढे करते: ‘सेवा कशी वाटली?’ बाळ अजून विभागातच आहे, घरी जाण्याचे कागद मिळायचे आहेत. ‘चांगली’ याखेरीज दुसरं काय लिहिणार? शिवाय बाळ सुखरूप असल्याच्या आनंदात त्या घडीला बाकी सगळं मागे पडलेलं असतं. काय खटकलं ते काही आठवड्यांनी वर येतं.

१. विचारणारी व्यक्ती विभागाबाहेरची असावी, शक्यतो त्याच भाषेत बोलणारी.

२. पहिलं बोलणं घरी गेल्यावर दोनेक आठवड्यांनी, दुसरं सहा आठवड्यांच्या पुढे. जागा तिने ठरवावी.

३. ‘समाधानी आहात का’ हा प्रश्न टाळा. घटना विचारा: “आतून तपासण्याआधी तुम्हाला विचारलं होतं का?” “मदतीला हाक मारली तेव्हा कोण आलं, किती वेळाने?” “कुणी आवाज चढवला का? हात उगारला का?” “एखादी गोष्ट तुम्हाला न कळता झाली का?” “असा क्षण होता का, जेव्हा आपलं कुणी ऐकत नाही असं वाटलं?”

४. ज्या आल्याच नाहीत त्यांच्यापर्यंत जा. नाव नोंदवून दुसरीकडे किंवा घरी बाळंत झालेल्या बाईकडे तुमच्या विभागाबद्दल सर्वांत मोलाची माहिती असते.

५. ज्यांचं बाळ दगावलं त्या घरांना वगळू नका. ‘त्यांना कशाला त्रास’ असं म्हणून त्यांना गप्प बसवलं जातं. बोलायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या.

> तपासा: ऐकलेल्या गोष्टींतल्या निदान दोन तरी लगेच, या महिन्यात, बदलता येतील अशा निवडल्या का? त्या बदला, आणि ज्यांनी सांगितलं त्यांना कळवा.

बहुधा पहिल्या यादीत पडदे, संडासाला कडी, पिण्याचं पाणी आणि सोबतीणीला बसायला खुर्ची यांचा नंबर लागतो. ही कामं क्षुल्लक समजू नका. प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या पसंतीचं माणूस सोबत असावं, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांतली शिफारस आहे. ‘जागा नाही’ या एका कारणाने ती बहुतेक ठिकाणी अडलेली असते, आणि दोन खाटांमध्ये पडदा लावला की ते कारण उरत नाही.

## टप्पा ३: दारातली पहिली दहा मिनिटं

क्रम असा ठेवा: आधी नमस्कार आणि स्वतःचं नाव, मग तिला काय होतंय, मग तपासणी, आणि सगळ्यात शेवटी कागद. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट चालतं. कळ आलेल्या बाईला आधी ओळखपत्र, नवऱ्याचं नाव आणि ‘इतक्या उशिरा का आलात?’ असं विचारलं जातं.

तिला नावाने हाक मारा. ‘तीन नंबर’ नको, ‘ती सिझरवाली’ही नको. ‘उशिरा का आलात’ऐवजी “आलात ते बरं झालं, कळा कधीपासून आहेत?” असं विचारलं तर तीच माहिती मिळते.

अजून लवकर आहे म्हणून परत पाठवायचं असेल तर विशेष जपा. कळांची सक्रिय अवस्था गर्भाशयाचं तोंड ५ सेंमी उघडल्यापासून धरतात, त्यामुळे त्याआधी घरी थांबणं अनेकदा योग्यच असतं. पण घर दूर असलेल्या, वाहन नसलेल्या, घरात मारहाण होणाऱ्या बाईला तोच सल्ला देणं म्हणजे तिला दारातून लावून देण्यासारखं आहे. परत पाठवताना घराचं अंतर, सोबत आणि रात्रीची सोय विचारा आणि केसपेपरवर लिहा.

## टप्पा ४: संमती, एका तपासणीच्या उदाहरणाने

विश्वास कमावला किंवा गमावला जातो तो आतून केल्या जाणाऱ्या तपासणीत. म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

१. स्वतःचं नाव आणि काम सांगा. मागे विद्यार्थी उभे असतील तर तेही सांगा, आणि त्यांच्यासाठी वेगळी परवानगी घ्या. ‘नाही’ म्हटलं तर त्यांना बाहेर पाठवा, चेहऱ्यावर नाराजी न दाखवता.

२. कळ चालू असताना विचारू नका. कळ ओसरू द्या, तिचा श्वास जागेवर येऊ द्या.

३. काय, का आणि न केल्यास काय, हे तीन छोट्या वाक्यांत सांगा: “तोंड किती उघडलंय ते बोटांनी आतून बघावं लागेल. त्यावरून पुढचं ठरेल. आत्ता नको असेल तर बाळाचे ठोके बघत थोडं थांबता येईल.”

४. उत्तराची वाट बघा. “जरा तपासते हं” असं म्हणत हातमोजा चढवणं म्हणजे विचारणं नव्हे. जिच्या उत्तराने काही बदलणार नाही, तिला आपण फक्त कळवलेलं असतं.

५. पडदा ओढा, गरजेपुरतंच अंग उघडं ठेवा.

६. ती ‘थांबा’ म्हणाली की हात बाहेर. ‘झालंच, झालंच’ नको.

७. आढळलेलं आधी तिला सांगा, मग डॉक्टरांना.

८. विचारलं, ती काय म्हणाली आणि वेळ, ही नोंद करा.

सुरळीत चाललेल्या प्रसूतीत, कळांच्या सक्रिय अवस्थेत, गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत, दर चार तासांनी एक तपासणी पुरते. प्रत्येक शिफ्टमधल्या प्रत्येकाने ‘आपलं एकदा’ बघणं बंद करा. सरसकट छेद देणं आणि बाळ बाहेर यावं म्हणून पोटावर दाब देणं, या दोन्ही गोष्टींची जागतिक आरोग्य संघटना शिफारस करत नाही. त्या तुमच्याकडे सवयीने होत असतील तर संमतीचा फॉर्म सुधारण्याआधी त्या थांबवा.

‘तातडीच्या वेळी एवढं बोलायला वेळ कुठे असतो?’ हा आक्षेप हमखास येतो. दहा सेकंद पुरतात: “बाळाचे ठोके मंदावलेत. आत्ता बाहेर काढायला हवं. मी छेद देऊन मदत करू का?” उरलेलं नंतर, त्याच दिवशी, खाटेजवळ बसून सांगा.

> इशारा: दाखल होताना सगळ्या कामांसाठी एकदम घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. आणि नवऱ्याची किंवा सासूची सही तिच्या सहीऐवजी चालत नाही.

भाषा वेगळी असेल तर: प्रशिक्षित दुभाषी बोलवा, प्रत्यक्ष किंवा फोनवर. घरातलं लहान मूल किंवा नवरा यांना दुभाषी करू नका. आधीचा गर्भपात, घरातली मारहाण, आजार या गोष्टी त्यांच्यासमोर निघत नाहीत. बोलताना दुभाष्याकडे नव्हे, तिच्याकडे बघा. ‘कळलं का?’ विचारलं की सगळ्याच ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी म्हणा, “मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय, आता तुम्ही काय करणार आहात ते तुमच्या शब्दांत सांगा.”

## टप्पा ५: ‘मला बरं वाटत नाहीये’ म्हटल्यावर काय करायचं

भेदभाव जिवावर बेततो तो इथे. एकीची तक्रार ‘लक्षण’ ठरते, दुसरीची ‘नखरे’. कोण किती सोसू शकतं, कोण मुळातच आरडाओरडा करतं, असे समज मनात बसलेले असतात आणि ते सदिच्छेने जात नाहीत. त्यावर एकच उपाय चालतो: प्रत्येक तक्रारीनंतर ठरलेली मोजमापं, कुणाचाही अपवाद न करता.

१. तिचं वाक्य तिच्याच शब्दांत, वेळेसह लिहा. ‘रुग्ण घाबरलेली’ असं भाषांतर करू नका.

२. नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, ताप, ऑक्सिजन आणि रक्तस्राव मोजा. दुखणं किती आहे ते तिला विचारा, चेहऱ्यावरून ठरवू नका.

३. रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल तर डॉक्टरांना कळवा. १६०/११० किंवा वर असेल आणि १५ मिनिटांनीही तसाच राहिला तर ३० ते ६० मिनिटांत औषध सुरू व्हायला हवं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं या तक्रारी बाळंतपणानंतरही तितक्याच गंभीर असतात.

४. रक्तस्राव डोळ्यांनी अंदाजू नका, मोजपट्टी असलेल्या पिशवीत मोजा. २०२३ साली निकाल प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं होती. नेहमीच्या पद्धतीने काम चालणाऱ्या रुग्णालयांत बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाच्या सुमारे निम्म्याच घटना ओळखल्या गेल्या. रक्त मोजून, ठरलेले उपचार एकत्र आणि लगेच देणाऱ्या रुग्णालयांत हे प्रमाण ९३ टक्क्यांवर गेलं, आणि तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं.

५. त्वचेचा रंग लक्षात घ्या. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर गडद त्वचेवर ऑक्सिजन असतो त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, म्हणून आकडा ठीक आणि बाई धापा टाकतेय असं असेल तर तिच्याकडे बघा, आकड्यावर विसंबू नका. निळेपणा जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला शोधा. बाळाची कावीळ त्वचेवरून ठरवू नका. डोळ्यांचा पांढरा भाग व हिरड्या बघा आणि शंका आली की तपासणी करा. टाक्यांतला संसर्ग लालीवरून कळला नाही तरी ऊब, सूज आणि वाढत्या दुखण्यावरून कळतो.

६. दुसरं मत मागायचा रस्ता ठेवा. तिला किंवा सोबतच्या माणसाला थेट वरिष्ठांना बोलावता येईल असा एक फोन क्रमांक खाटेजवळ लावा. तो वापरणाऱ्याला कुणी टोमणा मारला, तर ती गंभीर बाब समजा.

> तपासा: मागच्या महिन्यातले, तक्रार नोंदलेले वीस केसपेपर काढा. तक्रारीनंतर पहिलं मोजमाप किती मिनिटांनी झालं? हा वेळ गटागटांत वेगळा आहे का?

## टप्पा ६: काही वाईट घडल्यावर

बाळ दगावलं, गर्भाशय काढावं लागलं, आई अतिदक्षता विभागात गेली, की विभाग मुका होतो. भीती समजण्यासारखी आहे, पण त्या घरासाठी ही शांतता दुसरा आघात असतो.

वरिष्ठ व्यक्तीने त्याच दिवशी, वेगळ्या खोलीत, बसून बोलावं. जे माहीत आहे ते सांगावं आणि जे तपासायचं आहे ते केव्हापर्यंत कळेल याची तारीख द्यावी. ‘असं होतं कधीकधी’ हे उत्तर नाही. चूक झाली असेल तर स्पष्ट शब्दांत माफी मागावी. बाळाला घ्यायचं का, बघायचं का, नाव ठेवायचं का हे आईवडिलांना विचारावं, आणि घाई करू नये. दगावलेल्या बाळाच्या आईला रडणाऱ्या बाळांच्या कक्षात ठेवू नका. घटनेच्या चौकशीत कुटुंबाचे प्रश्न आधी लिहून घ्या आणि प्रत्येकाचं उत्तर लेखी द्या. त्या पाळीतल्या कर्मचाऱ्यांनाही एकटं सोडू नका. त्यांना आधार मिळाला तर ते खरं सांगतात.

## टप्पा ७: घरी पाठवणं आणि नंतर

सुरळीत प्रसूतीनंतरही निदान २४ तास देखरेख हवी, आणि त्यानंतर किमान तीन भेटी: ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. न येणाऱ्या बाईला ‘बेजबाबदार’ ठरवण्याआधी भेटीची वेळ, अंतर, खर्च आणि बाळ कुणाकडे ठेवायचं हे विचारा. शक्य असेल तिथे तिच्या घरी जा.

धोक्याच्या खुणा तिच्या भाषेत, चित्रांसह द्या, आणि एक फोन क्रमांक द्या. तो रात्री दोन वाजता कोण उचलतं हे स्वतः फोन लावून पाहा. ‘सकाळी या’ एवढंच उत्तर मिळत असेल, तर इथवर केलेलं काम त्या एका फोनवर पाण्यात जातं.

## टप्पा ८: पुन्हा मोजा आणि जाहीर करा

तीन महिन्यांनी टप्पा १मधले तेच आकडे, त्याच गटांनुसार काढा. मातांच्या प्रतिनिधींसमोर ठेवा, न सुधारलेले आकडे आधी.

पहिल्या काही महिन्यांत तक्रारी वाढतील. तसं व्हायलाच हवं: आता सांगून उपयोग होतो असं वाटू लागलं, असा त्याचा अर्थ. व्यवस्थापनाला हे सुरुवातीलाच लेखी कळवून ठेवा, नाहीतर याच टप्प्यावर काम गुंडाळलं जातं.

दुसरी शक्यता जास्त फसवी आहे. एकूण सरासरी सुधारते, पण गटांमधली दरी तशीच राहते किंवा रुंदावते, कारण नव्या सोयी आधीच बोलू शकणाऱ्या, फोन करू शकणाऱ्या बायका वापरतात. असं दिसलं तर सोयी सगळ्यांसाठी आणखी वाढवत बसू नका. मागे राहिलेल्या गटातल्या गरोदर बायकांना पहिल्या तपासणीपासून सहाव्या आठवड्यापर्यंत त्याच एक-दोन ओळखीच्या सुईणी मिळतील असं वेळापत्रक लावा. दुभाष्याचे तास आणि घरभेटींची वाहनं आधी त्यांच्याकडे वळवा. पुढच्या तिमाहीत फक्त दरीचा आकडा बघा.